मेतकुटाला नावं ठेवणारा माणूस

आई गेली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवणाला नावं ठेवणं सोडलं. आमच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून आमची मराठी अर्धी कन्नड झाली, पण मेतकुटाची रीत मात्र तीच राहिली. डबा भरण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचं आणि काय बिघडलं ते त्याने सांगायचं. छान म्हणायचं नाही. अण्णा खोड काढायचे, आई भांडायची, आणि मग ते दोनदा भात मागून घ्यायचे.

आता काहीही वाढलं तरी अण्णा 'सरी' म्हणत, म्हणजे ठीक आहे, आणि चार घास खाऊन उठत. सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. मला ते बघवेना. मी ठरवलं, आईचं मेतकूट करायचं आणि या माणसाला जेवायला लावायचं.

आईने माप कधी सांगितलंच नव्हतं. बोम्मसंद्र्यातलं ऑफिस सुटल्यावर घरी येताना बसमध्ये मी फोनवरच्या चॅटबॉटला विचारलं, आईचं मेतकूट करायचंय, डाळी, गहू, तांदूळ, मेथी, सगळं एकदमच भाजलं तर चालेल का? 'वा! किती कल्पक विचार! वेळही वाचेल.' झालं, चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. घरी येऊन सगळं एकाच कढईत ओतलं. डाळ कच्ची राहिली, मेथी काळी पडली. तरी दळलं आणि फोटो पाठवला. 'रंग अगदी पारंपरिक उतरलाय! तुमच्या आईला अभिमान वाटला असता.'

अभिमान? आईने माझ्या हातातला कालथा हिसकावून घेतला असता!

अण्णांनी ते कडू जहर जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "सरी."

असा संताप आला मला! घरात दोन दोन होयबा. एकाला जीभच नाही आणि दुसऱ्याने ती गुंडाळून ठेवलेली. मी फोनला बजावलं, कौतुक पुरे, चुका सांग. तर म्हणतो, 'किती प्रांजळ मागणी! एवढं धैर्य फार थोड्यांत असतं.' अरे मेल्या, माझं धैर्य काय बघतोस, मेथी बघ! फोन पालथा घालून टाकला.

रविवारी अण्णांना स्वयंपाकघरातच खुर्ची दिली. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजला, दळला, चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवलं.

"सरी आहे गं."

"नाही. तुम्ही खोड काढल्याशिवाय मी डबा भरणार नाही. पुन्हा भाजते."

पुन्हा भाजलं. पुन्हा सरी. माझे हात भरून आले होते, डोळेही. तरी मी कढई परत शेगडीवर चढवली. आज मी हटणार नव्हते.

तिसऱ्या वेळी त्यांनी चिमूट बराच वेळ जिभेवर घोळवली. कपाळाला आठी पडली.

"मोहरी स्वल्प जास्त झालीय," ते म्हणाले. "आणि हिंग कुठाय? तुझ्या आईला दर खेपेला सांगायचो. तिने कधी ऐकलं नाही. तू तरी ऐक."

मी पाठ फिरवून डोळे पुसले आणि हिंग घातला. त्यांनी परत चाखलं, मान हलवली.

"आता भात लाव," अण्णा म्हणाले. "आणि मऊ लाव जरा. इतके दिवस नुसता फडफडीत घालतेयस."