पहाऱ्यातही खाली बसलेली गाडी

ती गाडी आजही डोळ्यांसमोर येते. आली की आधी हेवा वाटतो, मग स्वतःची लाज.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. मेहकर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका मोठ्या गावचा खडी-मुरुमाचा कंत्राटदार सकाळी दहाला फिर्याद घेऊन आला. त्याने पुण्याहून जुनी परदेशी एसयूव्ही आणली होती. काळी, रुंद, आवाज असा की ठाण्याच्या खिडक्या थरथरल्या. नवी असताना कोटीच्या पुढची; आठ वर्षं वापरलेली म्हणून याला बावीस लाखांत मिळालेली.

"साहेब, रोज सकाळी पाहा, मागून डाव्या अंगाले बसलेली असते," तो म्हणाला. "कोणीतरी मुद्दाम हवा सोडून राह्यलं."

हवा टायरची नव्हे. या गाडीला स्प्रिंगऐवजी चार चाकांवर चार रबरी फुगे असतात. गाडी सुरू केली की एक पंप त्यांत हवा भरतो आणि गाडी उभी राहते. रोज भरून भरून तो पंप जळत आला होता. पंप आणि फुगा मिळून खर्च लाखाच्या वर जात होता. नव्या कायद्यात नुकसान लाखाला पोचलं की गुन्हा दखलपात्र, म्हणजे आम्हाला थेट तपास करता येतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, मी बी.ए. झालो, परीक्षा देऊन फौजदार झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्याकडे बारा वर्षं जुनी लहान गाडी, आणि दहावीला दोनदा आपटलेला हा माणूस माझ्या टेबलावर असली किल्ली आपटतो! पंचनाम्यासाठी आत बसायची काही गरज नव्हती. तरी मी बसलो. सीट आपोआप पाठीला येऊन लागली. उतरताना मी हवालदाराला म्हणालो, "याच्या एका टायरच्या पैशात माझ्या गाडीचे चारही येतील." तो हसला. मला हसू आलं नाही.

दुपारी गावातल्या दूधवाल्याचा फोन आला. "साहेब, माहं नाव नका घेऊ. त्याचा चुलतभाऊ दोन घरं सोडून राह्यते. रोज सकाळी गाडीपाशी वाकून पाहत असते."

चुलतभावाचं नाव ऐकून मी टेबलावरचा गठ्ठा चाळला. त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याकडेच होता. बी.एस्सी. झालेला, वय अडतिशीच्या काठावर, सात-आठ परीक्षा दिल्यावर जिल्हा परिषदेत निवड झालेली. अहवाल सोमवारी बुलढाण्याला जायचा होता. त्यावर 'गुन्हा दाखल' असे दोन शब्द पडले असते तर नोकरी गेली असती. पुढच्या परीक्षेला बसायचं वयही उरलं नव्हतं.

त्याला चौकशीला बोलावलं. अंगाने किरकोळ, इस्त्रीचा शर्ट, पायात साधी चप्पल.

"काऊन रे, गाडीपाशी काय करतो रोज?"

"पाहतो साहेब."

"काय पाहतो?"

"बसली का नाही ते."

मी पेन खाली ठेवलं. "आणि बसली असली की?"

"चहा गोड लागते." त्याने नजर चुकवली नाही. "खोटं काऊन बोलू साहेब? जळतो मी त्याच्यावर. त्याचा दहावीचा अभ्यास मीच घेतला होता, पाठीवर मारू मारू. आता तो हॉर्न मारते अन् म्हणते, सरक बे मास्तर, सायकल बाजूले घे. गाडी खाली बसलेली दिसली का मले बरं वाटते. पण हात नाही लावला. तिले हात लावाचीबी भीती वाटते मले."

पंचवीस-तीस वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. पण मला त्यात कबुलीच ऐकू आली. जो इतका जळतो त्याने फुगा टोचलाच असणार, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं. कारण त्या सीटवर बसलो तेव्हा माझ्याही मनात येऊन गेलं होतं, की गेली पाहिजे याची गाडी भंगारात.

कायद्याने त्याला संध्याकाळी घरी जाऊ द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. "सकाळी मोटार वाहन निरीक्षक येतील, मग गुन्हा दाखल करू. बस इथंच," म्हणालो. गाडी ठाण्याच्या आवारात, कॅमेऱ्यासमोर, पहारेकऱ्याच्या खुर्चीपासून दहा पावलांवर उभी केली. त्याची आई डबा घेऊन आली आणि फाटकापाशी थांबून राहिली. तिच्याकडे पाहायचं मी टाळलं.

सकाळी आमच्या महिला हवालदार दारात उभ्या. "साहेब, गाडी बसली."

"कोण आलं होतं आत?"

"कोणीच नाही. अन् तुमचा आरोपी तर बाकावर घोरून राह्यला."

कॅमेऱ्यात पाहिलं. गाडी तसूतसूने खाली येत गेली. जवळ एक कुत्रं फिरकलं, तेही निघून गेलं. मी तरी हट्ट सोडला नाही. "आधीच छिद्र पाडलेलं असेल," म्हणालो.

निरीक्षक आले. त्यांनी फुग्यांवर साबणाचं पाणी मारलं. डाव्या मागच्या फुग्याच्या घड्यांमधून बारीक बुडबुडे निघू लागले. एका जागी नाही, सगळीकडून. बाकीच्या तीन फुग्यांनाही तसेच तडे. "रबराचं वय झालं," ते म्हणाले. "यात ब्लेड नाही अन् सुई नाही. दर काही वर्षांनी चारही बदलायचेच असतात. म्हणून तर पहिल्या मालकाने विकली."

मग मी गाडीतली फाइल उघडली. पंचनाम्यात आम्ही 'कागदपत्रांची फाइल, एक' एवढंच लिहिलं होतं. वाचली कोणीच नव्हती. त्यात दोन महिन्यांपूर्वीचं एका गॅरेजचं खर्चाचं पत्रक होतं: चार फुगे, पंप, ब्रेकच्या चकत्या, इंजिनमधली तेलगळती. बेरीज गाडीच्या निम्म्या किमतीला भिडत होती. खाली कंत्राटदाराची सही.

कंत्राटदाराला बोलावून मी पत्रक त्याच्यासमोर धरलं. त्याने आपली सही पाहिली आणि पत्रक टेबलावर उलटं ठेवलं.

"मले माहीत होतं साहेब," तो म्हणाला. "गाडी खराब निघाली म्हटलं तर गाव हसते. भावानं टोचली म्हटलं तर गाव माह्याकडून राह्यते."

"आणि त्याची नोकरी?"

"त्याची ऑर्डर येऊन राह्यली तशी माही बायको रोज म्हणते, तुम्हीबी शिकले असते तर! कोटीची गाडी दारात उभी, अन् घरात कौतुक त्याच्या सरकारी कागदाचं." तो माझ्याकडे पाहून एकदम चिडला. "तुम्ही शिकलेले लोक काय समजता स्वतःले?"

खोटी फिर्याद दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाईचा अहवाल मी पाठवला. चुलतभावाच्या अर्जावर 'गुन्हा नोंद नाही' असं लिहून सही केली आणि कागद त्याच दिवशी माणूस पाठवून बुलढाण्याला पोचवला. त्याला समोर बसवून म्हणालो, "तुला इथं बसवून ठेवलं ते चुकलं माझं."

तो उठला, शर्ट नीट केला. "साहेब, गाडी दुरुस्त होईल का त्याची?"

"खर्च केला तर होईल."

"मंग नाही होत," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याने लपवला नाही.

जळणं कोणत्याही कलमात बसत नाही. हेतू दिसला म्हणजे पुरावा मिळाला असं नसतं, हे मी नव्या फौजदारांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. पण समोरच्याचा हेतू आपल्याला चटकन पटला, तर तो आपल्याच मनातला तर नाही, हे आधी तपासावं. हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर शिकायला मिळालं. त्या दिवशी ठाण्यात दुसऱ्याचं पाहून जळणारी तीन माणसं होती. त्यातल्या एकानेच ते सुरुवातीलाच कबूल केलं, आणि मी त्यालाच बाकावर बसवून ठेवलं होतं.