भोकरदनला आलेल्या जपानी गाड्या

माझं भोकरदनला मेडिकल आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा कुणीतरी स्टुलावर येऊन बसतं आणि हळूच विचारतं, "ते तुमच्या रेल्वेचं काय झालं हो?" मग एक किस्सा निघतो. त्याचं शेपूट धरून दुसरा निघतो. आता तर इतके साचलेत की कोणता किस्सा कोणत्या प्रदर्शनातला यावरून आमचीच आपसात भांडणं होतात. म्हणून म्हटलं, डोक्यात आहेत तोवर सांगून टाकावेत.

आम्ही चौघं. गायकवाड सर हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेले. भास्करमामा एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर, म्हणजे स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारे. अन्सारभाई फर्निचरवाले. आणि मी. आम्हाला नाद आहे छोट्या रेल्वेगाड्यांचा. "खेळण्यातल्या नाही हो, मॉडेल," हे वाक्य आम्ही चौघांनी मिळून जितक्या वेळा म्हटलंय, तितक्या वेळा तर गाडीसुद्धा फिरली नसेल.

खऱ्या रेल्वेचं म्हणाल तर भोकरदनला ती नाही. गाडी बघायची तर जालन्याला जायचं. लाइन येणार हे मी शाळेत ऐकलं, माझ्या वडिलांनीही शाळेतच ऐकलं होतं. लहानपणी जालन्याला मामाकडे गेलो की मी स्टेशनच्या पुलावरून हलायचो नाही. परतीच्या एसटीत तोंड पाडून बसायचो. आई म्हणायची, "पोटात दुखतं का?" दुखायचं, पण पोटात नाही. ज्याच्या गावातून गाडी जाते त्याला तिचं काही वाटत नाही; जीव तुटतो तो आमच्यासारख्यांचा.

* * *

जपानी गाड्याच का, असं सगळे विचारतात. त्याला कारण प्रज्ञा.

प्रज्ञा म्हणजे सरांची एकुलती एक लेक. जपानात इंजिनियर आहे. गेली त्या वर्षी तिनं वडिलांच्या वाढदिवसाला एक पार्सल पाठवलं. पुस्तकासारखी उघडणारी पेटी. सरांना वाटलं, फोटोंचा अल्बम असेल, लेकीचे फोटो असतील. उघडली तर आत स्पंजच्या खाचांत एक अख्खी रेल्वे झोपलेली. करंगळीएवढे रुंद डबे, त्यांना खिडक्या, आत बाकं आणि पुढं मोहरीएवढे दिवे.

दरवर्षी प्रज्ञा म्हणते, "बाबा, तुम्ही आणि आई या." सर म्हणतात, "मी तिकडं येऊन काय करू? तूच ये." तिला सुट्टी मिळत नाही, हे जागचे हलत नाहीत. मग एक गाडी येते. सरांचं कपाट भरत चाललंय, आणि प्रत्येक गाडी आली की सर दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. कारण त्यांनीही कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दिसतं ते दिसतंच.

* * *

पहिली गाडी सुरू करायची होती तेव्हाची गोष्ट. जपानात घरातली वीज शंभर व्होल्टची असते. हे पेटीवर लिहिलेलं होतं, पण जपानीत. सरांनी रुळांसोबत आलेला तिथला अडॅप्टर थेट आपल्या सॉकेटमध्ये घातला. गाडी हलायच्या आधी धूर निघाला. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, दारात येऊन म्हणाल्या, "कोळशाची होती का?"

नवीन अडॅप्टर यायला वेळ होता आणि आम्हाला दम निघत नव्हता. गाडीला लागतात बारा व्होल्ट. मी माझ्या मोटरसायकलची बॅटरी काढून आणली. सतरंजीवर रूळ जोडले, वायरी लावल्या आणि गाडी निघाली. अन्सारभाई जमिनीला गाल लावून बघत होते. म्हणाले, "या अल्ला, खिडकीत खरंच कुणी बसलं असंल असं वाटतं."

तेवढ्यात गल्लीची लाइट गेली. अंधारात ते दोन दिवे सोफ्याखालून आले, कपाटाला वळसा घालून गेले. दारात शेजारचे काका कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. तेही बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सर, गाडी फिरू द्या तुमची. पण तेवढा माझा मोबाईल लावता का चार्जिंगला?"

* * *

एकदा आम्ही पुण्याला मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन बघायला गेल्तो. तिथं युरोपातल्या गाड्या होत्या, हातभर लांब, आणि त्यांचं लेआऊट अख्खा हॉल व्यापून. डोंगर काय, पूल काय. अन्सारभाईंनी एक चक्कर मारली आणि कोपऱ्यातल्या जपानी टेबलापाशी येऊन उभे राहिले. "ते बंगलेवाल्यांचं काम आहे," म्हणाले. "हे बघा, यांची घरं आपल्यासारखीच दिसतात. खेळले, उचललं, पेटीत ठेवलं, आन् त्याच जागेवर जेवायला बसले." जपानी गाड्यांची तारीफ याच्यापेक्षा चांगली मी कुठं ऐकली नाही.

त्या टेबलामागं एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आपल्या गावचं स्टेशन हुबेहूब बनवलं होतं, चहाच्या टपरीसकट. त्यांनी आम्हाला कौतुकानं विचारलं, "तुम्ही केलंय का तुमच्या स्टेशनचं मॉडेल?"

भास्करमामा म्हणाले, "स्टेशन न्हाई आमच्याकडं. पण कुठं होणार ती जागा सगळ्या गावाला माहीत आहे."

* * *

भोकरदनला शाळेच्या हॉलमध्ये आमचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा माइक भास्करमामांकडे होता. प्रज्ञानं फोनवर सांगितलं होतं की तिकडं गाडीला जरा उशीर झाला तरी स्टेशनवर माफी मागतात. सरांना ते फार आवडलं. आपणही तसंच करायचं ठरलं.

बरोबर गर्दीच्या वेळी एक डबा घसरला. कापसाचा हंगाम होता, चाकांत तंतू गुंतले होते. मी स्पिरिटचा बोळा घेऊन धावलो. सर खुणा करत होते, "मामा, माफी मागा, माफी."

मामांनी सगळी नोकरी कंट्रोलर म्हणून काढलेली. माफी हा शब्द त्यांनी फक्त ऐकलेला होता, तोही दुसऱ्याच्या तोंडून. त्यांनी माइक फुंकला. "प्रवाशांनी नोंद घ्यावी. गाडी येईल तव्हा येईल." सरांनी डोळे वटारले. मामांनी माइक परत तोंडाशी नेला. "ही सूचना जपानी पद्धतीनं देण्यात येत आहे."

* * *

केदारखेड्याला मात्र आम्ही अडचणीत आलो. तिथल्या शाळेत प्रदर्शन होतं, म्हणून सरांनी हौसेनं एका स्टेशनला 'केदारखेडा' अशी पाटी लावली. गाडी होती बुलेट ट्रेन. ती पाटीपुढून सुसाट गेली, फिरून आली, परत गेली.

एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, "इथं थांबत न्हाई का ही?"

मी सांगितलं, "बाबा, ही एक्सप्रेस आहे. लहान स्टेशनवर नसते थांबत."

"जमीन कुनाची?"

"अं?"

"रूळ केदारखेड्यातून गेले ना? मंग जमीन आमचीच गेली आसंल. आन् थांबायचं दुसरीकडं?"

झालं. मागची चार माणसं पुढं आली. कुणी म्हणालं, पोरं कॉलेजला जातेत, त्यांचं काय? कुणी म्हणालं, दवाखान्यात न्यायचं म्हणलं तर बिलकुल सोय न्हाई. सगळे हसत होते, पण नुसतं हसणं नव्हतं ते. सरांनी शेवटी गाडीच्या कंट्रोलरचं बटण फिरवलं आणि गाडी पाटीपुढं थांबली. त्यावर म्हातारबाबांनी काठी उचलली, दोन पावलं पुढं आले आणि वाकून एकेक डबा नीट बघून घेतला. मग म्हणाले, "जाऊ द्या आता."

दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईहून फोन. "केदारखेड्याला थांबती म्हणे. मंग आम्ही काय तुमचं घोडं मारलं?"

* * *

म्हणून पिंपळगावला गेलो. तिथं मिरचीचा बाजार मोठा. आम्ही मुद्दाम मालगाडी नेली होती, जपानी, उघड्या डब्यांची. एक शेतकरी शेतातून थेट आलेला, खिशात हिरव्या मिरच्या. त्यानं न विचारता एक मिरची उचलून मालगाडीवर आडवी ठेवली. तिनं तीन डबे व्यापले. इंजिन गुरगुरलं, जागच्या जागी चाकं फिरली, गाडी काही हलेना.

तो सरांकडे बघून म्हणाला, "सर, एक मिरची वढंना. आन् तुम्ही म्हणून राह्यले जपान पुढं गेलं."

* * *

मध्यंतरी प्रज्ञानं वेगळीच गाडी पाठवली. बुलेट ट्रेन नाही, साधी पॅसेंजर, करड्या रंगाची, समोरासमोर बाकांची. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. सोबत चिठ्ठी होती: 'बाबा, मी रोज कामाला हिनंच जाते.'

सरांनी ती गाडी कधी प्रदर्शनाला आणली नाही. आम्ही किती वेळा म्हटलं, आणा की. सर म्हणायचे, "ती कामावर जायची गाडी आहे. लोकांपुढं उगंच फिरवायची न्हाई." घरी मात्र ती फिरायची. सकाळी मी गोळ्या द्यायला गेलो की सर चहा घेत बसलेले आणि करडी गाडी टेबलाभोवती फिरत असायची. चहा संपला की सर तिला थांबवायचे आणि म्हणायचे, "पोचली."

* * *

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञा आली. थोड्याच दिवसांसाठी, पण आली. आम्ही तेवढ्यासाठी भोकरदनला प्रदर्शन ठेवलं. सरांनी त्या दिवशी आपण होऊन करडी गाडी आणली आणि रुळांवर ठेवली.

प्रज्ञा टेबलापाशी उभी राहून बायांना सांगत होती. या गाडीत असं बसतात, असं उतरतात, दार असं उघडतं. एका आजीबाईंना गाडीशी काही घेणं नव्हतं. त्या प्रज्ञालाच न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "रोज जाती का बाई ह्या गाडीत?"

"हो आजी, रोज."

"आन् सोबत कोन आसतं?"

प्रज्ञा हसली. "कुणी नसतं. लोक खूप असतात, पण सोबत कुणी नाही."

"मंग बोलती कुनासंग?"

"गाडीत बोलत नाहीत तिकडं, आजी. सगळे गप्प बसतात."

आजीबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. गाडी थांबली होती. स्टेशनवर नाही, मध्येच, जिथं काही नव्हतं तिथं. आम्हाला वाटलं, पुन्हा चाकात तंतू अडकला. मी बोळा घेऊन वाकलो, तर चाकं स्वच्छ होती. सरांनीच कंट्रोलर बंद करून हात काढून घेतला होता.

जाताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आता तरी या तुम्ही दोघं." सर म्हणाले, "बघू." संभाजीनगरच्या एसटीत तिला बसवून ते माझ्या दुकानावर आले. म्हणाले, "सर्जिकल ब्लेड आहे का? बारीक टोकाची."

मी म्हटलं, "कशाला?"

"काम आहे थोडं."

पुढं बरेच दिवस सर दिसले नाहीत. मी काळजीत. बीपीच्या गोळ्यांचं निमित्त काढून घरी गेलो. सर खिडकीच्या उजेडात भिंग लावून बसले होते. पुढं करडी गाडी, एका डब्याचं छप्पर काढलेलं. बाजूला ब्लेड, रंगाच्या बाटल्या आणि एकच केस उरलेला ब्रश. भिंगाचा चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे दिला. "बघा बराबर बसलेत का."

मी वाकून बघितलं. बाकांवर तीन माणसं होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. खिडकीपाशी एक मुलगी. तिच्या शेजारी हिरव्या साडीतली बाई. आणि समोर, मुलीकडे तोंड करून बसलेला एक माणूस, अंगात करडा स्वेटर. सर बारा महिने घालतात तोच.

टेबलावर मोहरीच्या टरफलांसारखं काहीतरी पडलं होतं. मी विचारलं, "सर, हे काय?"

"पाय," सर म्हणाले. "उभी माणसंच मिळाली. मांडीपासून कापल्याशिवाय ती बाकावर बसत न्हाईत."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "मला खिडकी दिली का?"

सरांनी छप्पर उचललं आणि डब्यावर अलगद दाबून बसवलं.

"खिडकी पोरीची," ते म्हणाले. "तू तिच्या शेजारी."