वेलपेपर

माझ्या धाकट्या जावेने ब्राह्मणपुरीच्या घरात बैठकीला वॉलपेपर लावला, तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? घरात नक्षी काढणारी मी. शहाद्याला बसस्टँडजवळ ब्लाऊजवर भरतकामाचं माझं दुकान. आणि लोक नक्षी बघायला जाणार तिच्याकडे, जिला रांगोळीची रेघ सरळ ओढता येत नाही!

सासूबाई तर गावभर सांगत सुटल्या, "धाकलीनी भीतले वेलपेपर लाया." कागदावर हिरवी वेल होती, म्हणून त्यांच्या लेखी तो वेलपेपर.

"काय त्यात, बाजारचा कागद," असं मनात म्हणत मीही गेले आणि दारातच थबकले. बारीक पानं, मध्येच एखादी कळी, कळीचं तोंड खाली. हे मला का सुचलं नाही, याचा इतका राग आला की चहा कडू लागला. निघताना जावेला लाडाने भिंतीपाशी उभं केलं. "ये गं, तुझा फोटो काढते." दुकानात आल्यावर फोटोतून जाऊ कापली, वेल ठेवली.

फोटो मोठा केला तेव्हा दिसलं, दोन पट्ट्या जोडताना कारागीर चुकला होता. वेल बोटभर खाली सरकून तुटली होती. मला कोण आनंद झाला! कागदावर मी ती सरळ करून काढली, तर पार मरगळली. तुटकी ठेवली की जिवंत दिसायची. मग तुटकीच भरली. लग्नसराईत त्या ब्लाऊजवर बायकांच्या उड्या पडल्या. कुठून सुचलं असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "सुचतं असंच."

एक दिवस जाऊच आली, भावाच्या लग्नासाठी कापड घेऊन. टांगलेल्या ब्लाऊजवर, बरोबर त्या तुटलेल्या जागी तिने बोट ठेवलं.

"ताई, हाऊ तं मन्ही भीतना जोड शे! माले लाज वाटनी म्हनीसन फोटोनंतर मी तठे कॅलेंडर टांगं व्हतं."

मी भांडणाला कंबर कसली. ती मात्र हरखून हसत सुटली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला ब्राह्मणपुरीला गेले, तर कॅलेंडर गायब. जोडापाशी आठ-दहा बायका जमलेल्या, आणि जाऊ त्यावर बोट ठेवून सांगत होती, "ती नक्षी आठूनच निंघनी." काढली कुणी, ते तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढते, असं तिला सुनावायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पीठ तिचंच होतं.

एक अनोळखी बाई माझ्याकडे वळली. तिच्या अंगात माझाच ब्लाऊज होता.

"तुम्हीबी वेलपेपर देखाले उनात का?"

मी हो म्हणाले.