चाकं बॉडीच्या आत

मद्रासला बदली होऊन आलो तेव्हा मी एकटाच होतो. वेस्ट मांबलममध्ये दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि शहराबाहेरच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागातली नोकरी. रविवार जाता जात नसे. अशाच एका रविवारी कारखान्यातल्या एका साहेबांनी मला अड्यारला त्यांच्या क्लबात नेलं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

एका जुन्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती आणि त्या शेडभर एक लाकडी ट्रॅक, वळणावळणांचा, कमरेइतक्या उंचीचा. ट्रॅकमध्ये खाचा. खेळण्यातल्या वीतभर गाडीच्या पोटाखाली एक पिन, ती खाचेत बसायची. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, तिच्यातून वीज. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जेवढा दाबाल तेवढी गाडी पळणार. वळणावर जास्त दाबला की खाचेतून उडून बाहेर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण तिथे बँकेचे अधिकारी, डॉक्टर, व्यापारी, अशी सगळी मोठी माणसं घाम पुसत, दात आवळून उभी असत.

तिथेच मला काका भेटले. मी मोडकीतोडकी तमिळ बोलतोय हे ऐकून ते जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही मराठी न्हवे?" विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. 'झालं'ला ते 'जालं' म्हणत, आणि दर दोन वाक्यांमागे एक तमिळ शब्द येई. तेही वेस्ट मांबलमचेच, मुलगा-सुनेकडे राहत. त्या दिवसापासून आम्ही अड्यारच्या बसने बरोबर येऊ-जाऊ लागलो. माझा रविवार मार्गी लागला तो त्यांच्यामुळे.

क्लबात त्या वेळी एक भांडण धुमसत होतं. ज्यांच्याकडे परदेशातून आणलेल्या रुंद, बसक्या रेसच्या गाड्या होत्या तेच दर वेळी जिंकत. बाकीचे कंटाळून येईनासे झाले होते. म्हणून बंगल्याच्या मालकांनी एक नवा वर्ग काढला: साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा. नियम मोजके. गाडी आपल्याकडच्या रस्त्यावर खरोखर धावलेल्या मोटारीची प्रतिकृती असावी, मापात असावी, आणि चाकं बॉडीच्या बाहेर येता कामा नयेत. शेवटचा नियम महत्त्वाचा. चाकं बाहेर काढली की गाडी रुंद बसते, वळणावर उलटत नाही, आणि मग तो वर्ग काढण्यात अर्थच उरत नाही. कुठली गाडी नियमात बसते आणि कुठली नाही हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. "तुम्ही रोज तेच करता, आणि तुम्हाला गाडी नीट चालवताही येत नाही," मालक हसत म्हणाले. "म्हणजे तुमची कुणाशी चुरस नाही."

पहिल्या तपासणीला मी कारखान्यातल्यासारखा मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन बसलो. टायरचा धंदा करणारे एक गृहस्थ होते, आडदांड, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या गाडीची चाकं चांगलीच बाहेर होती. मी ती परत केली. ते तिथेच भडकले. "एवढ्याशासाठी?" मी म्हटलं, नियम तसा आहे. त्यांनी गाडी डब्यात घातली आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

त्यांच्यामागेच काका होते. त्यांनी रुमालात गुंडाळलेली गाडी माझ्यापुढे उघडली. काळी, गोल पाठीची, हातांनी लाकूड कोरून केलेली. लहानपणी तंजावरला त्यांच्या गल्लीत एका डॉक्टरांची अशी गाडी होती, सगळ्या गल्लीत तेवढी एकच. दिवे टाचणीच्या डोक्यांचे, खिडक्या जुन्या फिल्मच्या. इतकं सुंदर काम मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. मी गाडी वरून बघितली. चारही चाकं तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर डोकावत होती.

मी हळूच म्हटलं, "काका, चाकं थोडी आत घ्यावी लागतील."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "बाहेर या जरा."

गच्चीच्या टोकाला पाण्याचा माठ होता. काकांनी पेलाभर पाणी घेतलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. पेल्यातलं पाणी हिंदकळू लागलं, मग काठावरून त्यांच्या मनगटावर सांडलं. त्यांनी पेला डाव्या हातात घेतला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोंगलच्या आधीपासून. घोडा दाबतों तर बोट आपणच उडतें. गाडी वळणावर पडते. म्हणून चाकं बाहेर घेतलीं. आतां पडत नाही."

"मग हे आत सांगू या. कोण नाही म्हणेल?"

"नको नको." ते घाबरलेच. "कुणाला सांगूं नका. ते डॉक्टर आहेत न्हवे आंत, ते माझ्या मुलाचे दोस्त. मुलाला कळलं की बसमध्ये चढूं देणार नाही. हें एवढंच आहे मला, अहो."

मी कबूल केलं. दुसरं करणार काय होतो?

आत आल्यावर मी निर्णय लगेच दिला नाही. म्हटलं, एका गाडीबद्दल सगळ्यांशी बोलायचं आहे. चहा झाल्यावर सगळे ट्रॅकभोवती जमले. मी म्हटलं, "पूर्ण हाताने केलेल्या गाड्यांना थोडी सूट द्यावी."

"का?" मालकांनी विचारलं. ते चांगले माणूस होते, खरोखरच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, कारागिरीला उत्तेजन म्हणून. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

टायरवाले उठले. "माझ्या गाडीची चॅसी, सगळा सांगाडा, मीही हातानेच घासलाय. मग मला का नाही?" त्यांचं बरोबर होतं. उत्तर होतं ते फक्त माझ्याकडे. पण ते बोलता येत नव्हतं.

मी वयाचं काढलं. साठीच्या पुढच्यांना सूट? तर आणखी दोघे साठीच्या पुढचे निघाले आणि त्यांना हसू आलं. सगळ्यांनाच तेवढी सूट द्यावी म्हटलं, तर जे कंटाळून सोडून निघाले होते ते म्हणाले, मग पुन्हा तेच सुरू होईल. त्यांचंही बरोबर होतं. मालक माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हीच सांगा. या गाडीत असं वेगळं काय आहे?"

मी काकांकडे पाहिलं. ते उजवा हात खिशात घालून उभे होते, आणि माझ्याकडे बघतच नव्हते.

"परवाइल्लै," शेवटी तेच म्हणाले. जाऊ द्या. "मी चाकं आत घेतों."

पुढच्या रविवारी त्यांनी चाकं आत घेऊन आणली. मी मापं घेतली, सगळं नियमात होतं, मी मान्य म्हणून सांगितलं. शर्यतीत माझी जागा लांबच्या वळणावर होती. उडालेली गाडी उचलून पुन्हा खाचेत बसवायची. काकांची काळी गाडी पहिल्याच फेरीला माझ्यापाशी येऊन उलटली. बसवली. पुन्हा आली, पुन्हा उलटली. लोक आधी हसले, मग कुणी म्हणालं, "सर, हळू, हळू." ट्रॅकच्या पलीकडून काका मला दिसत होते. दोन्ही हातांनी कंट्रोलर धरला होता, चेहरा घामाने भिजला होता. मी जमेल तितक्या चपळाईने गाडी उचलत होतो; तेवढंच माझ्या हातात होतं. एकदा तर ती थेट जमिनीवर गेली आणि पुढचा मडगार्ड टवकला.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "मी सांगतो ना काका, अजून वेळ गेलेली नाही." ते खिडकीबाहेर पाहू लागले. म्हणाले, "तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजतां येतें?"

काही रविवार असेच गेले. मग ते शर्यत सोडून फेऱ्या मोजायला बसू लागले. आणि तिथेच एकदा, कॉफीचा कप उचलताना, ते उघडं पडलं. कप बशीवर खडखड वाजू लागला, थांबेचना. डॉक्टर उठले, त्यांच्यापाशी गेले, त्यांचा हात हातात घेऊन बघत राहिले.

त्यानंतर काका आले नाहीत. पुढच्या बैठकीत टायरवालेच उठले आणि म्हणाले, काकांच्या गाडीला चाकं बाहेर चालतील असं ठरवू या. सगळ्यांनी एकदम हात वर केले. कुणी कारण विचारलं नाही. हे काकांना सांगायला टायरवाले आणि मी त्यांच्या घरी गेलो.

काका हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. सुनेने पाणी आणून दिलं आणि आम्ही विचारायच्या आतच म्हणाली, "आता यांना नाही पाठवत. बसमध्ये पडले असते तर?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती घाबरलेली होती. टायरवाल्यांनी गाडी पाठवतो म्हटलं, स्वतः न्यायला येतो म्हटलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. हात मांडीवर होता आणि आता तो लपवण्याचीही त्यांना गरज वाटत नव्हती.

"सगळ्यांना सांगा, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण आतां घोडा दाबतांच येत नाही मला."

मग त्यांनी या रविवारी शर्यत कोण जिंकलं ते विचारलं. आम्ही सांगितलं. आणि आम्ही उठलो.

जिना उतरून आम्ही मांबलम स्टेशनच्या दिशेने चालू लागलो. भाजीवाल्यांच्या गर्दीत टायरवाले मध्येच थांबले. "कुणी एक शब्द जरी बोललं असतं तेव्हा," ते म्हणाले, "मी कशाला भांडलो असतो?"

मी त्यांना स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचवलं. त्यांची लोकल येत होती. ते घाईने पायऱ्या चढून गेले.