हातावरचं पाणी

लायेतचं तिच्या जावेशी, अबालोशी, कधी पटलंच नाही. गुलू शहराच्या बाजूच्या खेड्यात एकाच अंगणात दोघींची घरं, पण एकीच्या चुलीचा धूर दुसरीला खपत नसे. त्यात आंब्याच्या दिवसांत अबालोच्या मुलाने, ओजाराने, भिरकावलेली कैरी लायेतच्या लहानग्या लेकीच्या, आदोचच्या, उजव्या डोळ्यावर बसली.

बुबुळाच्या तळाशी रक्त साचलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "पळू-खेळू देऊ नकोस, लगेच शहरातल्या इस्पितळात ने." लायेतने गाठोडं बांधलं.

"कैरी लागली, गोळी नाही," अबालो फिसकारली. "पोर आईसारखीच नाटकी!"

"तू पोराला वळण लावलं असतंस तर!"

भांडण थोरल्या सासऱ्यांपर्यंत गेलं. समेटाच्या रीतीप्रमाणे बकरा कापायचा, दोघींनी एका ताटातली कलेजी खायची. मग त्या कैरीबद्दल, डोळ्याबद्दल कुणी शब्द काढायचा नाही; काढला तर समेट मोडला. समेटाचा दिवस उजाडेपर्यंत डोळ्यातलं रक्त ओसरलं होतं.

"बघ, नितळ झाला डोळा," म्हातारा म्हणाला. "जेवून वर इस्पितळात गेलीस, तर समेट खोटा म्हणायचा का?"

लायेतने गाठोडं सोडलं. कलेजी खाल्ली.

पुढे आदोच डोकं धरून बसू लागली, ओकू लागली. तेव्हा मात्र लायेत कुणाला न विचारता तिला पाठीशी बांधून निघाली. डॉक्टरने पोरीचा डावा डोळा झाकून बोटं दाखवली. आदोच भिंतीकडेच बघत राहिली.

"रक्त गेलं, पण आत दाब वाढत राहिला. तेव्हाच का नाही आणलीत? या डोळ्याने आता दिसणार नाही."

परतली तर अबालो दारातच उभी. "काय म्हणाला डॉक्टर, आदोचच्या आई?"

ओठांशी आलेलं लायेतने गिळलं. कलेजी खाल्ल्यावर ती बोलू शकत नाही, हे अबालोला पक्कं ठाऊक होतं.

पुढे घरातल्या एका लग्नात जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला लायेतने मुद्दाम आदोचला उभं केलं. एका डोळ्याने पोरीला अंतर कळेना. धार हातांच्या अलीकडे, अबालोच्या नव्या झग्यावर पडली.

"आंधळी आहेस का गं!" अबालो ओरडली आणि तिने जीभ चावली.

"मी नाही हं बोलले, बाबा," लायेत सासऱ्यांना म्हणाली. "जाऊबाईच बोलल्या."

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"आदोच, काकूच्या हातावर पुन्हा पाणी घाल."

पोरीने रडत तांब्या तिरका केला. पाणी पुन्हा चुकलं.