गोड सिगारची मशेरी

परांड्याच्या स्टँडवर यष्टी सुटताना आईनं खिडकीतून मशेरीची डबी माझ्या हातात कोंबली. "परमुलखात आपलं म्हणायला हे तरी असू दे." मी अशी रडले, जणू पिंपरीला नव्हे, काळ्या पाण्यावरच निघाले. अठरा वर्षांची घोडी, आणि नाक पदराला पुसत होते! गावाकडच्या पोरींनो, माझ्यासारख्या इकडं आलेल्यांनो, हसा खुशाल.

डबी आठ दिवस टिकली. हे कंपनीत फिटर. यांनी ती गटारात फेकली. "इथं साहेबांच्या बायका पेस्ट लावतात. पुन्हा मशेरी दिसली तर माघारी धाडीन!" मी टरकले. पिंपळे गुरवातली आमची खोली एकच, पण तिथं सासूचा हुकूम नव्हता. मला माघारी जायचंच नव्हतं.

पुढं नवं मशिन बसवायला परदेशी इंजिनियर आला. जाताना त्यानं यांना बोटाएवढ्या सिगारचा चपटा डबा दिला. हे ओढत नसत, नुसता पाहुण्यांना दाखवत. एकदा हे फर्स्ट शिफ्टला गेल्यावर मी तो उघडला. मनुका, गूळ, आणि मागून ओळखीचा तंबाखूचा वास! टोक चाटलं, तर गोड. मग या शहाणीनं एक सिगार चुरून तव्यावर भाजली आणि लाटण्यानं कुटली.

वासानं शेजारच्या शेवंताबाई आल्या. "काय गं, शिरा करपला का?"

"शिरा न्हाई, साहेबाची मशेरी. घ्या चिमूटभर."

दोघी उंबऱ्यावर बसलो, बोटं तोंडात. आधी काकवीसारखी गोड, मग कडूजहर, वर दाताला चिकटलेली. शिफ्ट सुटल्याचं कळलंच नाही. हे दारात उभे!

"ट्रंक भर!"

"भाऊजी, खुशाल धाडा तिला," शेवंताबाई म्हणाल्या, "पण ती सिगार तुम्ही तरी कधी ओढलीत का?"

यांनी तावातावानं एक पेटवली. एकच झुरका, आणि खोकून खोकून डोळे पांढरे. मी पाणी दिलं, पाठ चोळली.

"तुमाला साहेबी झुरका झेपंना, आन् मला माघारी धाडताय व्हय? मी न्हाई जायची."

यांना 'नाही' म्हणायची ती पहिलीच वेळ, तीही काळ्या दातांनी. हे खोकता खोकता हसायला लागले.

मशेरी मी पुढं सोडली, पण दाढ दुखली म्हणून, यांच्या धाकानं नव्हे. गाव आठवतं, आई तर रोज. तरी अजून हे रुसले, की मीच म्हणते, "चार दिवस गावी जाऊन या, बरं वाटेल." मी कशाला जाऊ? माझं घर इथं आहे.