फितीचं पान
सुक्या बोंबलांचा वास आला की चर्चमधून मिळालेलं आमचं प्रार्थनेचं पुस्तक आठवतं. मी लहान असताना आमच्या कोर्लई गावात वादळ होऊन गेलं होतं आणि बाबांची होडी परतली नव्हती. वाळत घातलेले बोंबील काढायचंही आईला सुचत नव्हतं. तिला वाचता येत नसे. पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, "फीत हाय तिथलं वाच." पण आजी गेल्यापासून पानाच्या खुणेची ती फीत मृतांच्या प्रार्थनेवरच होती. मी गुपचूप पानं उलटली आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेली, वादळातून वाचलेल्या कोळ्याची गोष्ट वाचू लागले. "ही प्रार्थना न्हाय," आई म्हणाली. मी थबकले. "थांबू नको गं, वाच." वाचून झाल्यावर तिनं फीत त्याच पानात ठेवायला लावली. बाबा आलेच नाहीत. मृतांची प्रार्थना म्हणायची वेळ आली, तेव्हाही आईनं फीत त्या गोष्टीतून हलवू दिली नाही. आता माझा नवरा दर्यात गेला की मीही तेच पान उघडते.